गॅस गिझर नेमका कुठं बसवायचा, अन् त्याला हवा कुठून द्यायची

परभणी-हिंगोलीकडं डिसेंबर लागला की पहाटेचा पारा दहाच्या खाली जातो, जानेवारीत कधीकधी पाच-सहावर येतो, अन् मग घरोघरी बाथरूमची भोकं बुजवायचं काम सुरू होतं. वरच्या व्हेंटिलेटरला पुठ्ठा, खिडकीच्या फटीत जुनी ओढणी, फायबरच्या दाराखाली पोतं. आंघोळ करताना गार वारा लागू नये म्हणून करतात, समजतंय. पण त्याच बाथरूमात भिंतीवर गॅस गिझर असला तर हे सगळं बुजवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे, अन् हे मी घाबरवायला सांगत नाहीये. मी नळफिटिंगची कामं करतो, परभणी, जिंतूर, मानवत हा माझा पट्टा, त्यामुळं दर हिवाळ्यात हीच भोकं बुजवलेली बघतो अन् दर हिवाळ्यात तेच सांगतो. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, गॅस गिझर वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. आपल्याकडं लाईटीचा भरवसा नाही, पहाटे पाचला लाईट गेली की करंटचा गिझर नुसता लटकून राहतो, गॅसचा मात्र दोन सेलवर चालतो, नळ सोडला की टक-टक करून पेटतो अन् लगेच पाणी गरम. बिल कमी येतं. मीच लई जणांना बसवून दिलाय. भांडण गिझरशी नाही, भांडण जागेशी आहे. जाळ जिथं पेटतो तिथं त्याला भरपूर ताजी हवा पाहिजे अन् जळून निघालेली हवा बाहेर जायला वाट पाहिजे, अन् चार बाय सहाच्या बाथरूमात या दोन्हीतलं काहीच नसतं.

हिशोब मांडून दाखवतो, कारण नुसतं "धोका आहे" म्हटलं की लोक मान डोलावतात अन् विसरतात. आपल्याकडं जास्त खपणारा गिझर मिनिटाला सहा लिटरचा. तो फुल चालला तर तासाला अंदाजे एक किलो गॅस जाळतो, म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीत दीडशे-एकशे साठ ग्रॅम. एक किलो एलपीजी नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे त्या दहा मिनिटांत गिझर दोन घनमीटर हवा ओढतो, गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या भरतील एवढी. आता बाथरूम बघा, चार बाय सहा बाय आठ फूट, सगळी मिळून साडेपाच घनमीटरच्या आत हवा. त्यातच तुम्ही, त्यातच बादली, त्यातच गिझर. हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो, अन् बाथरूम खरंच गच्च बंद असलं तर फुल जाळावर तो चार-पाच मिनिटांत १८ टक्क्यांच्या आसपास येतो. फटी असतात म्हणून प्रत्यक्षात जरा जास्त वेळ लागतो. तेवढ्या फटींनीच आजवर लोकं वाचायलेत, अन् त्याच फटी आपण हिवाळ्यात बुजवायलोय.

ऑक्सिजन कमी पडला की जाळ विझत नाही, खरी अडचण इथंच आहे. विझला असता तर बरं झालं असतं. तो जळतच राहतो पण अर्धवट जळतो, अन् अर्धवट जळालं की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला वास नाही, रंग नाही, डोळ्यात चुरचुरत नाही, खोकला येत नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेल्या मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा असतो, अन् तो जाळात जळून जातो. म्हणून "वास आला असता तर कळलंच असतं की" या बोलण्यावर जाऊ नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो, मग ऑक्सिजनला जागाच उरत नाही. हवेत १६०० पीपीएम झाला, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत सोळाशे भाग, तर वीस मिनिटांत डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं अन् तासाभरात जीव जाऊ शकतो. ६४०० पीपीएमला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. अन् हातपाय आधी गळतात, म्हणजे माणसाला कळलं तरी कडी काढायला उठता येत नाही.

बाथरूममध्ये पडलेल्या माणसाला आपल्याकडं आधी काय म्हणतात? चक्कर आली, बीपी कमी झाला, फिट आली. फिट खरंच येते या वायूनं, अन् मग मिरगी समजून गोळ्या चालू होतात, गिझर मात्र जागेवरच. आंघोळ झाल्यावर रोज डोकं जड होत असेल अन् बाहेर येऊन बसलं की अर्ध्या-पाऊण तासात उतरत असेल, किंवा घरात दोघा-तिघांना आंघोळीनंतर सारखंच होत असेल, तर पित्त समजून सोडून देऊ नका, पहिला संशय गिझरवर घ्या.

अन् दिवाळी. नरकचतुर्दशीला पहाटे चारपासून रांग असते, तेल-उटणं लावलेली पोरं, सासरहून आलेल्या लेकी, जावई, एकामागं एक आंघोळी, मधी गिझर थंड व्हायला वेळ नाही अन् बाथरूमचं दार दोन मिनिटंसुद्धा उघडं राहत नाही. पहिल्याला कदाचित काही होणार नाही, तिसऱ्या-चौथ्याला आधीच्यांची सगळी खराब हवा वाट्याला येते. गिझरला वीस मिनिटांचं टायमर असतं ते ठीक आहे, पण बंद पडला की लोक नळ बंद करून परत चालू करतात, टायमर परत शून्यापासून.

आता काय करायचं ते. पहिला अन् सगळ्यात चांगला उपाय एकच, गिझर बाथरूमच्या बाहेर काढा. नुसतं सिलिंडर बाहेर अन् गिझर आत असं नाही, लई घरांत तेच करून ठेवलंय अन् लोकांना वाटतं झालं काम. सिलिंडर बाहेर पाहिजेच, पण हवा खातो तो जाळ, अन् जाळ गिझरमध्ये आहे. गिझरच बाहेरच्या भिंतीवर घ्या, परसात, मागच्या उघड्या बोळात, गच्चीवर, उघड्या गॅलरीत, अन् आत फक्त गरम पाण्याचा पाइप येऊ द्या. बाथरूमची एक भिंत बहुतेक वेळा बाहेरचीच असते, त्यामुळं काम एका भोकाचं आहे. जिथं आता गिझर आहे त्याच्याच पाठीमागं बाहेरून बसवला तर जुनं कनेक्शन तसंच वापरता येतं, भिंतीतून दोन पाइप काढायचे अन् भोक सिमेंटनं नीट बंद करायचं, म्हणजे बाहेरचा धूर त्यातून परत आत यायला नको.

पाइप सीपीव्हीसीचाच घ्या. साधा पांढरा पीव्हीसी गरम पाण्याला मऊ पडतो, सांधे सुटतात, पैसे वाचवायला जाऊ नका. "बाहेर ठेवला तर पाणी येईपर्यंत थंड होतं" असं मला दर दुसरा माणूस म्हणतो. अर्ध्या इंची पाइपात वीस फुटाला पाऊण लिटरच्या आसपास पाणी मावतं. फोर्स बरा असला तर सात-आठ सेकंदांत गरम पाणी येतं, बारीक धार असली तर पंधरा सेकंद धरा. तेवढं पाणी बादलीत सोडा, नाहीतरी गरमात थंड मिसळायचंच असतं. जास्तच लांब असलं तर पाइपावर फोमची नळी चढवा.

बाहेर बसवताना वारा अन् पाऊस यांचं बघायचं. वाऱ्यानं जाळ विझतो म्हणून लोक गिझरभोवती पत्र्याची पेटी करतात अन् पुढून दार लावून कुलूप घालतात, चोरीची भीती असते, मान्य. पण चहूकडून बंद पेटी म्हणजे परत लहान बाथरूमच झालं. वरून छप्पर, ज्या बाजूनं वारा येतो तिकडून एक आडोसा, अन् खाली-वर-पुढं मोकळं असं ठेवा. कुलूप पाहिजेच असेल तर पुढं लोखंडी सळ्यांची जाळी करून घ्या, पत्रा नको. अन् गिझरच्या वर किंवा शेजारी बेडरूमची खिडकी नसावी. बाहेर काढला अन् धूर खिडकीतून झोपायच्या खोलीत सोडला तर काय उपयोग. कडकडीत थंडीत गिझरच्या नळ्यांत पाणी गोठायची भीती काश्मीरकडं असते, आपल्याकडं नाही, ती काळजी सोडा.

आता ज्यांना बाहेर भिंतच नाही त्यांचं. संभाजीनगरला, लातूरला, नांदेडला फ्लॅटमध्ये ही अडचण येते. बाथरूमची खिडकी डक्टमध्ये उघडते, ती चारही बाजूंनी बंद अन् फक्त वर उघडी असलेली उभी पोकळी. त्याच डक्टमध्ये वरच्या-खालच्या सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या. तिथं गिझरचा धूर सोडला तर तुमचा त्रास शेजाऱ्याला अन् शेजाऱ्याचा तुम्हाला, म्हणून डक्ट म्हणजे बाहेर असं धरू नका. अशा फ्लॅटमध्ये माझं स्पष्ट मत, करंटचा किंवा सोलरचा गिझर घ्या. गॅसचाच पाहिजे असेल तर भांडी धुवायच्या उघड्या बाल्कनीत बसवा, अन् ती बाल्कनी स्लायडिंग काचा लावून बंद केलेली नसावी.

ती बाल्कनी किंवा मागची खोली अर्धी बंद असली तर दोन वाटा करा, अन् हे मनात पक्कं ठेवा की दोन. एक खाली, जमिनीपासून फूटभराच्या आत, ताजी हवा आत यायला. एक वर, छतापासून फूटभराच्या आत, गरम हवा बाहेर जायला. दोन्ही थेट बाहेरच्या मोकळ्या हवेत उघडणाऱ्या, दुसऱ्या खोलीत नाही. एकच वाट ठेवली तर हवा फिरत नाही. जुन्या माळवदाच्या घरात चुलीच्या वर छताला साणं, म्हणजे धूर जायचं भोक, ठेवलेलं असायचं अन् दार दिवसभर उघडं, म्हणजे खालून हवा यायची, वरून धूर जायचा. स्लॅबच्या घरात आपण दोन्ही घालवून बसलो.

या वाटा किती मोठ्या पाहिजेत? अमेरिकेत थंडीमुळं लई घरांत गॅसची भट्टी असते, सगळं घर तापवायला, अन् तिच्या हवेचे नियम तिथल्या नॅशनल फ्युएल गॅस कोडमध्ये पक्के लिहिलेत. एक नियम असा की उपकरण घरातलीच हवा घेणार असेल तर ताशी दर १००० बीटीयूला (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) ५० घनफूट जागा पाहिजे. आपला सहा लिटरचा गिझर ताशी ४०,००० बीटीयूच्या आसपास बसतो, म्हणजे लागली दोन हजार घनफूट. आपलं बाथरूम दोनशे घनफुटाच्या आत. दहापट कमी! थेट बाहेर उघडणाऱ्या दोन खिडक्या दिल्या तर दर ४००० बीटीयूला एक चौरस इंच असा हिशोब धरतात, म्हणजे प्रत्येकी दहा चौरस इंच मोकळी जागा. पण तो हिशोब धूर पाइपानं बाहेर नेणाऱ्या उपकरणाचा आहे, आपले स्वस्तातले गिझर धूर खोलीतच सोडतात, म्हणून दहा चौरस इंचावर समाधान मानू नका. मी गवंड्याला सांगताना एक फूट बाय एक फूट सिमेंटची जाळी सांगतो, खाली एक अन् वर एक. जाळीतला अर्धा भाग सिमेंटनंच भरलेला असतो हे धरूनच एवढी मोठी. लोखंडी लुव्हर, म्हणजे तिरक्या पट्ट्यांची झडप, असेल तर तीन-चतुर्थांश जागाच मोकळी धरायची, लाकडी असेल तर फक्त पाव. डासांची बारीक जाळी तर अजिबात मारू नका, दोन महिन्यांत धूळ अन् कोळिष्टकानं ती भिंतीसारखी होते, पाव इंची भोकांची जाळी चिमण्या अडवायला पुरते.

धुराच्या पाइपाचा, म्हणजे फ्लूचा गिझर मिळतो. थोडा महाग आहे, पण बंद जागेच्या जवळपास कुठं बसवायचाच असेल तर तोच घ्या. पाइप चढता पाहिजे, मधी कमीत कमी एल्बो म्हणजे वळणं, अन् तोंड उघड्या हवेत. पाइपाचं तोंड पोटमाळ्यात किंवा सिलिंगच्या वर सोडून दिलेलं मी बघितलंय, ते म्हणजे धूर घरातच साठवणं. पंख्यानं धूर ढकलणारा मॉडेल घेतला तर लाईट गेल्यावर तो काय करतो हे दुकानात विचारा. पंखा बंद पडला की जाळ आपोआप बंद झाला पाहिजे, नसेल होत तर घेऊ नका. ज्यात हवा घ्यायची अन् धूर सोडायची दोन्ही नळकांडी बाहेरून असतात अन् जाळाची पेटी खोलीपासून पूर्ण बंद असते तो प्रकार सगळ्यात चांगला. कोणताही घ्या, आयएसआय मार्क बघा, एलपीजी गिझरचा नंबर आयएस १५५५८ आहे, तो पाटीवर छापलेला असतो.

एक्झॉस्ट फॅनबद्दल लई गैरसमज आहे. "फॅन लावलाय की" म्हणतात. फॅन हवा बाहेर फेकतो, पण आत यायला वाट नसेल तर फेकणार काय? दाराच्या फटीतून थोडी ओढेल तेवढीच. अन् फ्लूचा गिझर असला तर उलटंच होतं, फॅन खोलीत ओढ तयार करतो अन् फ्लूमधून वर चाललेला धूर परत खाली खेचतो. किचनची मोठी चिमणीसुद्धा हेच करते. म्हणून फॅन असेल तर खालची वाट दुप्पट गरजेची.

फ्लूवाला गिझर बरोबर ओढतोय का हे उदबत्तीनं बघता येतं, अन् हे प्रत्येकानं करावं. आधी गॅसचा वास नाही याची खात्री करा. मग घराची दारं-खिडक्या बंद करा, एक्झॉस्ट अन् किचनची चिमणी चालू करा, म्हणजे सगळ्यात वाईट परिस्थिती झाली. गिझर पाच मिनिटं चालवा अन् पेटलेली उदबत्ती गिझरच्या वर, जिथं पाइप सुरू होतो त्या टोपीच्या कडेला हळूहळू फिरवा. धूर आत ओढला गेला तर बरं. धूर तुमच्याकडं आला, किंवा तिथंच घुटमळला, तर धूर खोलीत सांडतोय, गिझर बंद करा, सगळं उघडा अन् पाइप तपासल्याशिवाय परत लावू नका. खालच्या जाळीपाशीही उदबत्ती धरा, धूर आतल्या बाजूला झुकला पाहिजे.

गिझर बाहेर काढायला आठ-पंधरा दिवस लागणार असतील, किंवा घर भाड्याचं अन् मालक ऐकत नाही, तर तोवर एवढं तरी करा. बाथरूमचं दार अन् खिडकी सताड उघडी ठेवून बादली भरून घ्या. गिझर बंद करा, सिलिंडरचं रेग्युलेटरही बंद. दार उघडंच ठेवून पाच-दहा मिनिटं हवा जाऊ द्या, तोवर पाणी गार होईल वाटलं तर अंगाला सोसेल त्यापेक्षा थोडं जास्त गरम भरून ठेवा. मग आत जाऊन आंघोळ करा. नंतरच्या माणसानंही तसंच. आपल्याकडं आंघोळ बादली-तांब्यानंच होते, शॉवरखाली अर्धा तास उभं राहायची सवय कमीच घरांत, त्यामुळं यात काही अडत नाही. आंघोळ चालू असताना गिझर चालू, हे मात्र एक दिवससुद्धा नको. पोरं, म्हातारी माणसं अन् पोटुशी बाई यांच्या बाबतीत तर अजिबात नको, पोटातल्या बाळाला हा वायू आईपेक्षाही जास्त बाधतो.

जाळाकडं बघत जा. निळा, एकसारखा जाळ पाहिजे. शेंडे पिवळे-नारिंगी, जाळ फडफडतोय, गिझरच्या वरच्या बाजूला काजळी, तर हवा कमी पडतेय किंवा बर्नर घाण झालाय. पण निळा आहे म्हणजे बंद बाथरूममध्ये चालतो असा अर्थ काढू नका, दाराआड दहा मिनिटांनी तो कसा आहे ते तुम्ही बघायला जाणार नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, सर्व्हिसिंग करून घ्या. गॅसच्या बारीक तोंडापाशी कोळ्याचं जाळं, धूळ, अन् उन्हाळाभर बंद असलेल्या फ्लूत कुंभारमाशीनं केलेलं मातीचं घर हमखास सापडतं, मी असं चिखलानं लिंपलेलं तोंड स्क्रूड्रायव्हरनं खरवडून काढलंय, बाहेरून बघितलं तर काही कळत नाही. बोअरच्या पाण्यानं आतल्या नळ्यांत क्षार धरतो, पाणी तापायला वेळ लागतो, जाळ जास्त चालतो, तोही साफ करून घ्या.

गॅसची गळती हा वेगळा विषय आहे पण जागा तीच, म्हणून थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर, मोरीत, खड्ड्यात बसतो. त्यासाठीही खालची जाळी लागते. सिलिंडर उभंच ठेवा, आडवं कधीच नाही, तळघरात नाही. नळी आयएसआयची सुरक्षा होज घ्या अन् पाच वर्षांनी बदला. सांध्यावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा, काडी लावून बघू नका. गळतीसाठी १९०६ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

गिझर सोडून अजून एक जागा आहे, अन् ती मला गिझरपेक्षा जास्त खटकते. बाळंतिणीची खोली. दार-खिडकी बंद, खिडकीला गोधडी, बाजेखाली कोळशाची शेगडी, वरून ओवा-शेपाची धुरी, आत आई अन् दहा-बारा दिवसांचं लेकरू. आजी-मावश्या मायेनंच करतात, वारं लागू नये म्हणून. पण कोळसा लाल झाला, धूर बंद झाला म्हणजे धोका संपला असं नाही. लाल निखारा बिनधुराचा दिसतो अन् कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडतो. रात्रभर शेगडी ठेवून झोपणं तर कुणाच्याच खोलीत नको. शेक द्यायचाच असेल तर कपडा, विटकर बाहेर गरम करून आत आणा, गरम पाण्याची पिशवी वापरा, लेकराच्या अंगाला थेट काही लावू नका, अन् सकाळचं कोवळं ऊन दाखवा. आजींना "तुमचं चुकतंय" म्हणू नका, "आजी, विस्तव बाहेर ठेवू, शेक आत आणू" म्हणा, ऐकतात. दुकानातलं जनरेटर, शटर खाली ओढून चालवलेलं, तेही याच हिशोबात धरा, ते बाहेरच पाहिजे.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, ऑनलाइन मागवता येतो, पण घेताना गॅस-लीक डिटेक्टर अन् हा वेगळा आहे हे बघून घ्या, दुकानदारसुद्धा गल्लत करतात. लीक डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावतात, कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या खोलीजवळ, श्वास घेतो त्या उंचीवर किंवा वर. पाटीवर ईएन ५०२९१ (युरोपचं मानक) किंवा यूएल २०३४ (अमेरिकेचं) लिहिलेलं असावं. आतला सेन्सर काही वर्षांनी संपतो, मागं तारीख असते. बाथरूमच्या आत वाफेत लावू नका. अन् अलार्म आहे म्हणून गिझर आत ठेवू नका, कारण यूएल २०३४ चे अलार्म ४०० पीपीएमलाही वाजायला चार ते पंधरा मिनिटं घेतात अन् तुमचा अलार्म पॅसेजमध्ये आहे, माणूस दाराआड.

कुणी आत गेलंय, हाक मारली, उत्तर नाही, तर वाट बघत बसू नका. आधी बाहेरून सिलिंडर बंद करा, दार तोडा, दम रोखून आत जा, माणसाला ओढून उघड्या हवेत आणा, आत थांबून पाणी मारत, नाक दाबत बसू नका नाहीतर तुम्हीही पडाल. १०८ ला फोन. श्वास चालू नसेल अन् छाती दाबायचं कुणाला येत असेल तर लगेच सुरू करा. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगा, "बाथरूममध्ये गॅस गिझर चालू होता." कोविडमध्ये घेतलेलं बोटाचं ऑक्सिमीटर लावून ९८ दाखवतंय म्हणून घरी ठेवू नका, त्या मशीनला ऑक्सिजन अन् कार्बन मोनॉक्साइड यातला फरकच कळत नाही, ते दोन्हीला चांगलंच म्हणतं. रक्ताची वेगळी तपासणी असते. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कनं शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास, म्हणून दवाखाना लांब असला तरी जायचंच. शुद्धीवर आला, चहा प्यायला, बोलायला लागला, तरी जायचं. विसरणं, चिडचिड, चालताना तोल जाणं असा त्रास काही आठवड्यांनीसुद्धा होऊ शकतो.

बाथरूमची आतली जाड कडी काढून टाका अन् बाहेरून नाण्यानं किंवा स्क्रूड्रायव्हरनं फिरवून उघडता येतं असं लॉक लावा, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं अन् अर्ध्या तासाचं काम आहे. गिझर बाहेर गेला तरी हे लॉक राहू द्या, घरात म्हातारं माणूस असलं तर एरवीही लागतंच. अन् व्हेंटिलेटरचा तो पुठ्ठा आजच काढा, त्यासाठी फिटरची वाट बघायची गरज नाही.